‘भुऱ्या’ म्हणण्याआधी

 

आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, हा काय बोलण्याचा विषय झाला? विषय आहे केसांच्या रंगाचा. तांबडे केस, भुरे केस, पिंगट केस, मक्याच्या कणसाच्या शेंडीसारखे केस. असे केस असलेल्या पोरांना आपल्या गावात काय काय नावं पडतात ते तुम्हाला ठाऊक आहे. भुऱ्या, तांबड्या, कणीस, इंग्रज, साहेब. मुलगी असेल तर भुरी, मडम. डोळे घारे असतील तर आणखी वर ‘मांजरी’. पोरगं शाळेत जातं तेव्हा त्याचं खरं नाव हजेरीपुरतंच उरतं.

बचत गटांच्या कामासाठी मी महाड-पोलादपूरच्या गावांत आणि वाड्यांवर फिरते. बैठकीला बायका लेकरं घेऊन येतात. मग पैसे मोजून होईपर्यंत लेकरांवरून बोलणं निघतं, आणि हमखास हसणं निघतं ते अशाच एखाद्या पोरावर. हसणाऱ्या बायका वाईट नसतात. पण ज्याच्यावर हसतात ते पोर आईच्या पदरात तोंड लपवतं आणि आई खाली बघून पावती चाळत बसते. हे इतक्या वेळा पाहिलं की यावर एकदा नीट बोलावं असं वाटलं.

आधी एक गंमत बघा. आपल्यापैकी कितीजणी केसांना मेंदी लावतात? चाळिशी उलटली की बहुतेक सगळ्या. रात्री लोखंडी कढईत भिजवायची, त्यात चहाचं पाणी घालायचं, सकाळी लावून बसायचं, आणि केस लाल झाले की आरशात बघून बरं वाटतं. महाडच्या पार्लरमध्ये जाऊन मुली पैसे देऊन तांबडा रंग लावून घेतात. म्हणजे लाल रंग विकत आणला तर हौस, आणि जन्मताच मिळाला तर थट्टा. तेव्हा अडचण रंगाची नाही. जो चारचौघांपेक्षा वेगळा दिसतो आणि ज्याला उलट बोलता येत नाही, तो आपल्याला हसायला सापडतो, एवढंच.

आता हा रंग येतो कुठून ते समजून घेऊ. आपल्या केसांत आणि कातडीत मेलानिन नावाचं रंगद्रव्य असतं. त्याचे मुख्य दोन प्रकार. एक काळा-तपकिरी, दुसरा तांबूस-पिवळसर. पहिला भरपूर असला की केस काळेभोर दिसतात. तो कमी झाला आणि दुसरा वर आला की केस तांबूस दिसतात. कोणाच्या अंगात कुठला किती तयार व्हायचा ते जन्माआधीच, आईबापाकडून मिळालेल्या जनुकांवर ठरतं. युरोपात दिसतात तसे लालबुंद केस कशामुळे होतात, त्यातला एक महत्त्वाचा जनुक १९९५ साली शास्त्रज्ञांनी शोधून काढला. तो सोळाव्या गुणसूत्रावर असतो. जगात असे केस असलेली माणसं शंभरात एखाद-दुसरीच. स्कॉटलंड, आयर्लंडकडे जास्त, आपल्याकडे अगदी विरळा. आपल्याकडे जास्त करून दिसतात ते भुरे, तपकिरी, तांबूस केस. त्यांच्यामागे एक नाही, अनेक जनुक असतात.

यात आपण बायकांनी पक्कं ध्यानात ठेवायची एक गोष्ट आहे. असा गुण घरात पिढ्यान् पिढ्या लपून राहू शकतो. आईचे केस काळे, बापाचे काळे, आणि पोर भुरं निघालं, असं होतं. दोघांनीही तो गुण न दिसता आपल्यात बाळगलेला असतो आणि तो दोघांकडून पोरात एकत्र येतो. काळ्या कोंबडीच्या अंड्यांतून काळ्याच कोंबड्याचं एखादं पिल्लू तांबूस निघालेलं तुमच्यापैकी काहींनी खुराड्यात पाहिलंही असेल.

हे मुद्दाम सांगते, कारण ही थट्टा पोरापाशी थांबत नाही. “काय गं, हा इंग्रज कुठून आणलास?” “हा कोणावर गेला म्हणायचा?” असं हसत हसत विचारलं जातं. विचारणारीला वाटतं, आपण गंमत केली. पण बैठकीतून ती गंमत पारावर जाते, पारावरून नवऱ्याच्या कानावर जाते, आणि एखाद्या संध्याकाळी तो पिऊन आला की तीच गंमत घरात तिच्या अंगावर येते. सासू जुनं काढते, दीर टोमणा मारतो. पोराच्या केसाचा रंग आईच्या चारित्र्याचा दाखला ठरतो. बाईवर संशय घ्यायला आधीच कारणं कमी नाहीत, त्यात आपण आणखी एक का पुरवायचं? कुणी असं बोललं तर तिथल्या तिथे सांगा, “आजीचे केस कसे होते ते विचार आधी. रक्तातला गुण आहे, दोन-तीन पिढ्यांनी वर येतो.” एवढं एक वाक्य जरी चारजणींनी पाठ केलं तरी एखाद्या घरातलं भांडण टळेल.

डोळ्यांचंही तसंच. कोकणात घाऱ्या डोळ्यांची माणसं पुष्कळ. तरी घारा माणूस लबाड, घाऱ्या बाईची नजर वाईट, असं आपण बोलून जातो. मुलगी बघायला गेल्यावर “डोळे घारे आहेत हो” असं कुजबुजून सांगतो. बुबुळात रंगद्रव्य कमी असलं की डोळे घारे दिसतात. लबाडी बुबुळात राहत नाही, ती घाऱ्यांतही असते आणि काळ्याभोर डोळ्यांतही.

ही खोड फक्त आपलीच आहे असंही नाही. इंग्लंडात लाल केसांच्या मुलांना शाळेत चिडवण्याची सवय जुनी आहे. ही माणसं तापट असतात, भांडखोर असतात असं तिकडे म्हणायचे आणि अजूनही विनोदात म्हणतात. कॅनडातल्या एल. एम. माँटगोमेरी या लेखिकेची ‘अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स’ नावाची एक प्रसिद्ध कादंबरी १९०८ साली आली. त्यातली अ‍ॅन ही आईबाप नसलेली लाल केसांची मुलगी. वर्गातला एक मुलगा तिची वेणी धरून तिला ‘गाजर’ म्हणतो. ती पाटी उचलून त्याच्या डोक्यावर फोडते. मास्तर शिक्षा कोणाला करतात? अ‍ॅनला. तो मुलगा उठून सांगतो की चूक माझी होती, मीच चिडवलं. तरी फळ्यापुढे उभी राहते ती अ‍ॅनच. आणि मग लोक म्हणायला मोकळे, की बघा, लाल केसांची माणसं तापटच.

आपल्या शाळांतही असंच घडतं. महिनोन् महिने चिडवलेलं पोर एक दिवस दगड उचलतं आणि त्या दिवशी त्याचं नाव मास्तरांच्या तोंडी येतं. आधीचे महिने कोणी मोजत नाही. तक्रार आली तर आई म्हणून किंवा शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य म्हणून पहिला प्रश्न हा विचारा, की याला रोज काय म्हणून हाक मारतात? शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यात मुलांना मारायला जशी बंदी आहे तशीच मानसिक छळालाही बंदी आहे. मोठ्या माणसानं वर्गात “ए भुऱ्या, उभा राहा” म्हणणं ही साधी बाब नाही. मास्तर म्हणाले की पोरांना परवानाच मिळतो.

आता मी आजच्या बोलण्यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या भागाकडे येते.

आपल्याकडे तांबडे केस सगळ्यात जास्त कुठे दिसतात? गावाच्या कडेच्या वाडीवर. आदिवासी वाडीवर, कातकरी पोरांच्या डोक्यावर. आणि त्यावर गावात ठरलेलं बोलणं आहे. “ही पोरं अशीच असतात. तेल नाही, पाणी नाही, उन्हात हिंडतात.” कुणी म्हणतं, “त्यांची जातच तशी.” हसून विषय संपतो.

मैत्रिणींनो, विषय तिथे संपत नाही. ऊन, नदीतली आंघोळ, तेल नसणं, याने केसांचा रंग थोडा उतरतो हे खरं. पण लहान पोराच्या अंगात अन्न कमी पडतं, खास करून डाळ, अंडं, मासळी, दूध यांतून मिळणारी प्रथिनं कमी पडतात, तेव्हाही केसांचा रंग जातो. आधी काळे असलेले केस तांबूस, निस्तेज होतात. ते पातळ होतात, कोरडे पडतात, हलक्या हाताने ओढले तरी निघून येतात. १९३० च्या दशकात आफ्रिकेत आज घाना म्हणतात त्या देशात सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टरबाईंनी हा आजार नीट लिहून ठेवला. तिथले लोक त्याला क्वाशिओरकोर म्हणत. पाठचं भावंड आल्यामुळे आईच्या दुधावरून दूर झालेल्या मुलाचा आजार, असा त्या शब्दाचा अर्थ. आपल्या भाषेत सांगायचं तर अंगावरचं तुटलं आणि ताटात पुरेसं आलं नाही, अशा पोराचा आजार.

म्हणजे एकाच रंगाचे केस दोन अगदी वेगळ्या गोष्टी सांगू शकतात. एका पोराचे केस आजीवर गेलेले असतात. दुसऱ्या पोराचे केस सांगत असतात की मी उपाशी आहे. आपण दोघांनाही एकच ‘भुऱ्या’ म्हणतो आणि हसतो. नाव पडलं की कोणी नीट बघत नाही.

फरक ओळखायचा कसा? डॉक्टर नसलो तरी काही गोष्टी आपल्याला दिसतात. जन्मापासून तसेच केस आहेत, दाट आहेत, चमक आहे, घरात आणखी कोणाचे तसे आहेत, पोर खेळतंय, वाढतंय, तर तो त्याचा रंग आहे, सोडून द्या. पण केस आधी काळे होते आणि आता रंग उतरला, विरळ झाले, पोर किरकिर करतं किंवा नुसतं बसून राहतं, भूक लागत नाही, तर लक्ष द्या. दोन्ही पावलं सुजली आहेत का बघा. पावलावर अंगठा तीन सेकंद दाबून धरा. उचलल्यावर खड्डा तसाच राहिला आणि दोन्ही पायांना तसंच झालं, तर दिवस मोजत बसू नका, त्याच दिवशी आशाताईला सांगा, दवाखान्यात न्या. सुजेमुळे असं पोर कधी कधी गुटगुटीत दिसतं आणि घरचे फसतात.

अंगणवाडीत दंड मोजायची पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या पोराच्या दंडाचा घेर साडेबारा सेंटिमीटरच्या खाली असेल तर मध्यम कुपोषण, आणि साडेअकराच्या खाली असेल तर तीव्र कुपोषण. मोजायला मिनिटसुद्धा लागत नाही. वजन आणि उंचीही मोजून घ्यायची. पोर तीव्र कुपोषित निघालं तर गावात ग्राम बालविकास केंद्रातून जादा आहार देतात. आजारीही असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात आईसकट ठेवून घेतात, साधारण दोन आठवडे. आईची मजुरी बुडते म्हणून बुडीत मजुरी देण्याची सोय आहे. तिची चौकशी जरूर करा.

आता इथे खरी अडचण येते, आणि ती बचत गटात काम करणारीला चांगली ठाऊक असते. आई जात नाही. का? घरी आणखी दोन पोरं आहेत. चूल कोण पेटवणार? कामावर खाडा झाला तर मुकादम बोलतो. गटाचा हप्ता भरायचा आहे. म्हणून ती “बरं होईल” म्हणते आणि पोर तसंच राहतं. हे आपण सोडवू शकतो. गटाने ठराव करून तिचा एक हप्ता पुढे ढकलता येतो. घरच्या पोरांना दोन आठवडे दोघीतिघींनी आळीपाळीने जेवायला घालता येतं. अंतर्गत कर्जातून एसटीचं भाडं देता येतं. इतिवृत्तात चार ओळी लिहायच्या आणि सह्या करायच्या. ज्या गटाने लग्नाला कर्ज दिलं, त्याला हे जड नाही.

कातकरी हा आपल्या राज्यातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समाजांपैकी एक, बाकीचे दोन म्हणजे कोलाम आणि माडिया गोंड. खैराच्या लाकडापासून कात काढायचे म्हणून कातकरी. जंगल हातचं गेलं, जमीन नावावर नाही, म्हणून दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तेवढे महिने पोर गावच्या अंगणवाडीपासून तुटतं, उचल घेतलेली असते, खाणं भट्टीवरच्या पैशांवर. अशा घरातल्या पोराच्या केसांचं कारण ‘त्यांची जातच तशी’ हे नाही. जाण्याआधी अंगणवाडीताईला कुठे जाणार ते सांगून गेलं तर तिथल्या अंगणवाडीत नाव जोडून घेता येतं. वाडीवर ओळख असलेल्या बायकांनी ही आठवण दिवाळीच्या सुमारास करून द्यावी.

आणि खायचं काय? महाग डब्यांची गरज नाही. आपल्या डोंगरउतारावर नाचणी होते, वरी होते. कुळथाची पिठी, चवळी, शेंगदाण्याचा कूट, महाडच्या बाजारातली सुकट आणि जवळा, घरच्या कोंबडीचं अंडं, हे सगळं पोराला मऊ करून देता येतं. वरणाचं नुसतं पाणी देऊन डाळ मोठ्यांच्या ताटात जाते, तेवढं थांबवा. वर चमचाभर तेल घाला. अंगणवाडीतून घरी मिळणारा आहार पोराच्या वाट्याचा आहे, तो सगळ्या घरात वाटला जाऊ नये. पण पोर सुजलेलं असेल तर घरचे उपाय करत बसू नका, आधी दवाखाना.

आणखी एका पोराबद्दल बोलायचं राहू नये. काही मुलांचे केस पांढरट-पिवळे असतात, कातडी अगदी पांढरी, उजेडात डोळे मिचकावतात. त्यांच्या अंगात रंगद्रव्य जवळजवळ तयारच होत नाही. हा संसर्ग नाही, कोड नाही, शाप तर नाहीच. त्यांना ऊन बाधतं आणि लांबचं नीट दिसत नाही. टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा, डोळ्यांची तपासणी आणि वर्गात पुढचा बाक एवढं मिळालं तर ती इतरांसारखीच शिकतात. त्याला फळा दिसत नाही आणि आपण त्याला ‘ढ’ म्हणतो, असं होऊ देऊ नका.

कुणी विचारेल, मग काय हसायचंच नाही का? हसायचं की. आपल्याकडे नणंद-भावजयीची थट्टा आहे, उखाणे आहेत, शिमग्याच्या बोंबा आहेत. शिमग्यात तर मोठ्यातल्या मोठ्यालाही सोडत नाहीत. पण शिमगा त्याच्या दिवसांत संपतो आणि ज्याची बोंब मारली तोही उलट मारतो. थट्टेची हीच परीक्षा धरा. ज्याच्यावर हसतोय त्याला उलट बोलता येतं का? तोही हसतोय का? आणि उद्या सकाळी ते संपणार आहे का? पाच वर्षांच्या पोराला चिकटवलेलं नाव पन्नाशीपर्यंत संपत नाही. “भुऱ्याची बायको”, “भुऱ्याची पोरं” असं ते पुढे चालतं.

आपण राहतो ते महाड चवदार तळ्याचं गाव आहे. मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे पाण्याचा सत्याग्रह केला. त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेत मनुस्मृती जाळली, आणि तेव्हाच ते स्त्रियांशी वेगळे बोलले. ज्या खुणांवरून लोक तुमची जात ओळखून तुम्हाला कमी लेखतात, लुगडं नेसण्याची ती पद्धत, ते जड दागिने सोडून द्या, असं त्यांनी सांगितलं. बायकांनी ते लगेच ऐकलं. नेसण्याची पद्धत बदलता येते. केसांचा आणि डोळ्यांचा रंग पोराला बदलता येत नाही, तिथे बघणाऱ्यानेच बदलायला हवं.

म्हणून या महिन्याच्या बैठकीसाठी तीन कामं सुचवते. पहिलं, गटातल्या बायकांच्या पोरांना सगळ्यांनी खऱ्या नावाने हाक मारायची. ठराव लागत नाही, सवय लागते. कुणी चुकलं तर दुसरीने नुसतं खरं नाव उच्चारायचं, भांडायचं नाही. दुसरं, पाच वर्षांखालची जी पोरं तांबड्या केसांची दिसतात त्यांना अंगणवाडीत नेऊन दंड आणि वजन मोजून घ्यायचं. काही निघालं नाही तर उत्तमच. तिसरं, घरी गेल्यावर आपल्या शाळेतल्या पोरांना विचारायचं, तुमच्या वर्गात कोणाला काय म्हणून चिडवतात? आणि त्याहून महत्त्वाचं, तू काय म्हणतोस?

मोजून आल्यावर काय निघालं ते पुढच्या बैठकीत एकमेकींना सांगा, आणि आपल्या रेडिओ केंद्रावरही कळवा. पोराचं नाव मात्र जाहीर करू नका, तेवढी काळजी घ्या.

आज इतकंच. नमस्कार.